स्पेसबारखालचा लाल डाग

नाशिक, सिडको
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५
सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

ति. भिमाजीमामा यांस,

गोरक्षचा नमस्कार. हे पत्र लिहायला घेण्याआधी मी खाटेवर बसून लॅपटॉपचा स्पेसबार उजव्या अंगठ्याने दाबत होतो. स्पेसबार म्हणजे सगळ्यात खालचे लांब बटण. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायला ते लागते. ते आता उजव्या बाजूला दबतच नाही. डाव्या बाजूला दबते, पण वर यायला वेळ घेते. काल कोर्टासमोर टेबल लावले आणि पहिल्याच प्रतिज्ञापत्रात 'मीखालीसहीकरणार' असे एकाला एक चिकटून आले. पक्षकार म्हणाला, "भाऊ, हे संस्कृत हाय का?" मला हसू आले नाही.

फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मामींनी फोन घेतला की आपले बोलणे सगळ्या गल्लीला ऐकू जाते. म्हणून हे पत्र भिकाभाऊंच्या डब्याच्या पिशवीत देतो. तुमचे शेजारी रोज मनमाडहून माझ्याच समोरच्या बँकेत येतात, हे आपले नशीब. उत्तरही त्यांच्याकडेच द्यावे.

मी नीट आठवून पाहिले. दसऱ्याला तुमच्याकडे आलो तेव्हा आदल्या दिवशी बुधवारी लॅपटॉपवर काम केले होते. तेव्हा बटण लोण्यासारखे चालत होते. नंतर तो पिशवीतच होता. शनिवारी नाशिकला परत आलो. रविवारी आईला भेटायला विंचूरला गेलो तेव्हा लॅपटॉप खोलीत ठेवला होता. सोमवारी उघडला तर हे असे. तुमच्या घरी त्याला कोण हात लावणार? म्हणजे जे झाले ते रविवारी, या खोलीत झाले.

रविवारी खोलीत संघर्ष होता. तो माझ्याबरोबर राहतो हे तुम्हाला माहीत आहे. टेबलही माझ्या शेजारी लावतो. कोर्टासमोर बसायची जागा मला त्यानेच मिळवून दिली, हे मी विसरलो नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. आम्हा दोघांकडून कागद टाइप करून घेणाऱ्या एक वकीलबाई आहेत, त्यांना ऑफिसात कायमचा टायपिस्ट हवा आहे. महिन्याला पगार, बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. येत्या सोमवारी त्या आम्हा दोघांची चाचणी घेणार आहेत, ज्याने त्याने आपल्याच लॅपटॉपवर. खुर्ची एकच आहे.

मी अजून कोणाला काही बोललो नाही. तुम्ही जन्मभर यंत्रे दुरुस्त केलीत. एखादा भाग आपोआप अडकतो की कोणी अडकवतो, हे कसे ओळखायचे?

आपला,
गोरक्ष

•

मनमाड
गुरुवार, ९ ऑक्टोबर

चि. गोरक्षला मामाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. भिकाने पिशवीतून काढून दिलं तेव्हा त्याला भाजीचा वास होता, पण अक्षर तुझं मोत्यासारखं. बारावीत शाळा सोडलीस, नायतर मास्तर झाला असतास.

लॅपटॉपमधलं मला काही कळत नाय. पण बत्तीस वर्षांत जे भाग अडकलेले पाहिले, त्यात कोणी मुद्दाम अडकवलेला एखादाच. बाकी सगळ्यांत घाण. भुसा, वाळू, वाळलेलं ग्रीस, एकदा तर मेलेली पाल. तेव्हा आधी घाण समज. बंद कर, उलटा धर, मागून हळू टिचक्या मार. जोर लावू नको आणि तेल तर टाकूच नको. तुझ्यासारखी पोरं घाबरली की तेल टाकतात आणि मग धूळ अजून घट्ट बसते.

आता त्या पोराचं. तुमच्या खोलीवर आलो तेव्हा त्याच्या हातचा चहा मी प्यायलोय. त्याने माझ्या कानाजवळ येऊन मोठ्यांदा विचारलं होतं, "मामा, साखर किती?" लोक माझ्याशी बोलायचंच टाळतात. हा टाळत नाय. एवढंच सांगतो.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवणार होतो, पण ती मार्केटला गेलीय. संध्याकाळी दाखवीन. तिला तुझ्या लॅपटॉपचं लय कौतुक. गल्लीत सांगते, भाच्याचं ऑफिस त्याच्या पिशवीत असतं.

भिमाजी

•

नाशिक
शुक्रवार, १० ऑक्टोबर
सकाळी सात वाजता

ति. मामा,

तुमच्या सांगण्याप्रमाणे लॅपटॉप बंद केला, वर्तमानपत्रावर उलटा धरला आणि टिचक्या मारल्या. बिस्किटाचे दोन कण आणि एक केस पडला. बटण तसेच.

मग कॉलेज रोडला एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मुलाने बटण एकदा दाबले आणि पूर्ण कीबोर्ड बदलावा लागेल, दोन दिवस ठेवून जा, असे सांगितले. मी विचारले, एका बटणासाठी पूर्ण का? तो म्हणाला, "एकटं बटण येत नाही, दादा." मला त्याचा भरवसा वाटला नाही. दोन दिवसांत आतले काय काय बदलतील सांगता येत नाही. तरीही ठेवायची वेळ आली तर खूण असावी म्हणून मी मागच्या प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. कोणी स्क्रू फिरवला तर ठिपका फुटेल. नेलपॉलिश घेताना दुकानदार बाई हसल्या. हसू देत.

आणखी एक करून पाहिले. बुधवारी लॅपटॉप मुद्दाम खोलीतच ठेवून बाहेर पडलो, आणि जाताना झाकणात धाग्याचा तुकडा अडकवला. संध्याकाळी धागा जागेवरच होता. याचे दोन अर्थ होतात. एक, संघर्षने हात लावला नाही. दोन, त्याने धागा पाहिला आणि परत तसाच ठेवला. तो फार बारीक नजरेचा आहे, म्हणून मला दुसरा अर्थ खरा वाटतो.

आता मुख्य गोष्ट. काल उजेडात लॅपटॉप तिरका धरून पाहिला. स्पेसबारच्या उजव्या कडेला, फटीत, लाल डाग आहे. बारीक, पण लाल. मामा, संघर्ष दुपारी नोटरीच्या टेबलावर शिक्के मारायला बसतो. त्याच्या अंगठ्याला रोज लाल शाई लागलेली असते. खोलीतल्या बादलीच्या कडीलासुद्धा ती लागलेली आहे. माझ्या हाताला लाल शाई कधीच लागत नाही. याच्यापुढे काय पुरावा हवा?

मी त्याला विचारले नाही. विचारले की तो सावध होईल. काल रात्री जेवताना तो म्हणाला, "काय रे, चार दिवस झाले, बोलत नाहीस. पोट बिघडलंय का?" मी हो म्हणालो. त्याने मला ओवा दिला. मी तो खाल्ला नाही.

सोमवारी चाचणीच्या आधी वकीलबाईंना सगळे सांगणार आहे. त्यांच्याकडे लोकांची मृत्युपत्रे, वाटण्या, घटस्फोटाचे कागद येतात. जो दुसऱ्याच्या लॅपटॉपला हात लावतो, त्याच्या हातात असले कागद देणे बरोबर आहे का? मी हे फक्त माझ्यासाठी करत नाही.

गोरक्ष

•

मनमाड
शनिवार, ११ ऑक्टोबर

चि. गोरक्ष,

पत्र काल संध्याकाळी मिळालं. आज दुसरा शनिवार, भिकाची बँक बंद. उद्या रविवार. हे पत्र त्याच्याबरोबर सोमवारीच निघेल. तुझ्या हाती वेळेत पडावं एवढीच इच्छा.

तू वकीलबाईंना काही सांगू नको. कुणालाच सांगू नको.

लाल म्हणजे शाईच असं नाय. लाल रंगाच्या लय गोष्टी असतात. तू बटण उघडून आत काय आहे ते बघ, आणि मग बोल. आधी नको. बटण उघडता येतं म्हणतात. भिकाच्या पोरीने मोबाईलवर दाखवलं मला, एक बाई सुरीने उचकटून काढत होती. तू सुरी घेऊ नको.

तू दिवाळीत आलास की समोर बसून बोलू. काही गोष्टी कागदावर लिहिता येत नाय. तुझी मामी दोन दिवस नीट जेवली नाय, तिची तब्येत बरी नाय. काळजीचं काही नाय.

त्या पोराला दुखवू नको, गोरक्ष. तो चांगला पोरगा आहे.

भिमाजी

•

नाशिक
बुधवार, १५ ऑक्टोबर
सकाळी साडेसहा

ति. मामा,

तुमचे पत्र भिकाभाऊंनी सोमवारी पावणेअकरा वाजता माझ्या टेबलावर ठेवले. तेव्हा मी वकीलबाईंच्या ऑफिसातून परत आलो होतो. म्हणजे तुमचे पत्र येण्याआधीच सगळे झाले होते.

काय झाले ते क्रमाने सांगतो. मी साडेनऊला गेलो. बाई चहा घेत होत्या. मी लॅपटॉप उघडून लाल डाग दाखवला, स्पेसबार दाबून दाखवला, रविवारचे सांगितले, शाईचे सांगितले. त्यांनी मध्ये एकच विचारले, "तुम्ही त्याला विचारलंत?" मी म्हणालो, तो कबूल करणार नाही. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्याकडे लोकांच्या घरातले कागद असतात. नुसता हात चालून भागत नाही." संघर्ष दहा वाजता आला तेव्हा त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवले. चाचणी झालीच नाही. खुर्ची मला मिळाली. मी आता ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काम करतो आहे.

संध्याकाळी घरमालकीण कुसाबाईंना कळले. कसे कळले, तर त्यांनी विचारले म्हणून मी सांगितले. त्या लगेच म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. आडनाव ऐकलं तेव्हाच मी ह्यांना म्हणाले होते." त्यांनी काल त्याला खोली सोडायला सांगितली. महिना अर्धा झाला आहे, पण अनामत परत देणार नाही म्हणाल्या. तो सातपूरला, त्याच्या बहिणीकडे, संजनाताईंकडे गेला.

जाताना भांडेल असे मला वाटले होते. भांडला नाही. पिशवी भरून झाल्यावर त्याने स्टोव्ह, पातेले आणि बादली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "हे तुलाच लागेल." दाराजवळ थांबला. चप्पल घातली आणि गेला.

आता मला तुम्हाला एक विचारायचे आहे. पहिल्या पत्रात तुम्ही त्याच्या चहाचे कौतुक केलेत, दुसऱ्यात त्याची बाजू घेतलीत. तुम्हाला तर काही माहीत नाही, तरी तुम्ही इतक्या खात्रीने कसे लिहिता? त्याने तुम्हाला फोन केला होता का? मामींशी बोलला का? तुमच्या पत्रातले 'कागदावर लिहिता येत नाय' हे मी चार वेळा वाचले. माझ्या मागे तुमचे कोणाशी काही बोलणे झाले असेल तर स्पष्ट लिहावे. राग येणार नाही.

मामींची तब्येत कशी आहे?

गोरक्ष

•

नाशिक
शुक्रवार, १७ ऑक्टोबर
सकाळी आठ वाजून वीस मिनिटे

मामा,

आज बटण उघडले. काल भिकाभाऊ रिकाम्या हाताने आले, तुमचे उत्तर नव्हते, म्हणून वाट पाहिली नाही.

तुम्ही म्हणालात तशी सुरी घेतली नाही. जुन्या एटीएम कार्डाची पट्टी कापली. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला. पट्टी बटणाच्या डाव्या कोपऱ्याखाली सरकवून हळू उचलली, मग मधे, मग उजवीकडे. तीनदा बारीक टक् झाले आणि बटण हातात आले. खाली दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या कैच्या असतात, त्यांच्यामुळे बटण वर येते. आणि एक बारीक तार असते, ती लांब बटण दोन्ही बाजूंना सारखे दाबण्यासाठी. तारेचे टोक जिथे अडकते, तिथे उजव्या बाजूला एक खपली होती. तार हलत नव्हती ती त्यामुळे.

ती खपली मी सुईने कागदावर काढली. खिडकीत नेऊन पाहिली.

तो तांदूळ आहे. अर्धा दाणा, टोक तुटलेला. लाल रंग त्याला लागलेला आहे, आणि बाजूला पिवळे वाळून चिकटलेले आहे. पिवळे बोटावर घेऊन चोळले तर वास आला. शाईला हळदीचा वास येत नाही.

मामा, संघर्षच्या घरी भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याच्या घरात हळदकुंकवाचा करंडा नाही आणि अक्षता नाहीत. या खोलीतही नाहीत. मी स्वतः देवाला हात जोडतो ते रस्त्यावरच्या देवळात. कुसाबाईंकडे असतील, पण खोलीची किल्ली त्यांच्याकडे नाही, हे मी वर्षभर तपासत आलो आहे.

मग मी मागे मागे आठवत गेलो. दसऱ्याच्या सकाळी तुम्ही आणि मी झेंडू आणि आपट्याची पाने आणायला बाजारात गेलो होतो. परत आलो तेव्हा पाटावर तुमचा हातोडा, नट फिरवायचे पाने, मामींचे शिलाई मशीन, विळी, सगळ्याला हळदकुंकू लावलेले होते. लॅपटॉप पिशवीत होता. पण पिशवीचा बंद मी नेहमी दोनदा गुंडाळतो. त्या दिवशी तो एकदाच गुंडाळलेला होता. मी पाहिले होते. तेव्हा काही वाटले नाही, कारण ते तुमचे घर होते.

इथे प्रत्येक स्क्रूवर ठिपके दिले आणि झाकणात धागे ठेवले. तुमच्या घराकडे मी एकदाही संशयाने पाहिले नाही.

आणि शनिवारी पत्र लिहिताना तुम्हाला हे माहीत होते.

गोरक्ष

•

मनमाड
शनिवार, १८ ऑक्टोबर

गोरक्ष,

भिका गाडीला निघायच्या आत लिहितोय. आज त्याची बँक चालू आहे.

होय, माहीत होतं. दहा तारखेला संध्याकाळी तुझं पत्र मामीला वाचून दाखवत होतो. लाल डागापाशी आलो आणि ती उठून आत गेली. वाटलं, दूध उतू जातंय. बाहेरच येईना म्हणून आत गेलो. चुलीसमोर बसली होती आणि चूल बंद होती.

तिने सांगितलं ते असं. दसऱ्याला ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला हळदकुंकू लावायचं, हे तिला लहानपणापासून माहीत. हातोड्यावर माझं पोट चाललं, मशीनवर तिचं. तुझं लॅपटॉपवर चालतं. तू तर त्याला पूजेला ठेवला नाय, पोराला समजत नाय, म्हणून तिने काढला. बंद होता. बंद वस्तूला कसं लावायचं, तिचं तोंड तर उघडं पाहिजे, म्हणून उघडला. सगळ्यात मोठं बटण बघून त्याच्यावर ओलं हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मग अक्षता फटीत गेल्या. घाबरली. केसातली पिन काढून उकरायला गेली तर दाणा अजून आत गेला. ओल्या फडक्याने पुसलं आणि आपण यायच्या आत पिशवीत ठेवला. मला म्हणाली, "गोरक्षला सांगितलं तर तो परत माझ्या घरी त्याचं ऑफिस आणणार नाय. माझी शपथ आहे तुम्हाला."

शपथ मी घेतली. हे तिचं नाय, माझं. मला कानाने ऐकू येत नाय, पण तोंडाने बोलता येतं. भिकाच्या फोनवरून तुला शनिवारी एवढंच सांगता आलं असतं की थांब. ती समोर बसली होती, डोळे पुसत. मी विचार केला, पत्रात लिहिलं की झालं. सोमवारपर्यंत काय होतंय. तर सोमवारपर्यंत एका पोराची खुर्ची गेली आणि मंगळवारी खोली.

काल तुझी दोन्ही पत्रं मी तिला वाचून दाखवली. सगळं. संघर्ष गेला हे ऐकलं आणि म्हणाली, मी नाशिकला येते, त्या पोराच्या पाया पडते. मी नको म्हणालो. तिने पाया पडायचं काम नाय.

तू मला जे विचारलंस त्याचं उत्तर दिलं. आता मी तुला सांगतो. मामीने कुंकू लावलं. त्याला शाई तू म्हणालास. मामीने घाबरून पुसलं. वकीलबाईंकडे तू गेलास, घाबरून नाय, तर नीट विचार करून गेलास. आणि ती बाई आडनावावरून बोलली ते तू मला पत्रात असं लिहिलंस जणू तो तुझ्या बाजूचा अजून एक साक्षीदार. तुला तेव्हा काही लागलं नाय का रे?

वेळ झाला. भिका दारात उभा आहे.

मामा

•

नाशिक
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५
दुपारी एक वाजता

ति. मामा आणि मामी यांस,

दिवाळीत आलो नाही, फोनही घेतला नाही, त्याबद्दल माफी असावी. आज चौथा शनिवार, म्हणून हे पत्र सोमवारी भिकाभाऊंकडे देईन.

तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी वकीलबाईंकडे गेलो. त्या दिवाळीच्या सुट्टीआधीची फाईल आवरत होत्या. मी कागदाच्या पुडीतला तांदूळ टेबलावर ठेवला आणि सांगितले. सांगताना दोनदा अडखळलो. त्यांनी पुडी उघडली, पाहिली, बंद केली. म्हणाल्या, "म्हणजे मीसुद्धा त्याला विचारलं नाही." मग पुडी माझ्याकडे सरकवली. मला म्हणाल्या, "गोरक्ष, तुमचं टायपिंग चांगलं आहे. पण तुम्ही सुट्टीनंतर येऊ नका." मी बरं म्हणालो. मला ते अपेक्षित होते.

रविवारी सातपूरला गेलो. संजनाताईंनी दार उघडले, आत घेतले नाही आणि हाक मारली. संघर्ष बाहेर आला. आम्ही जिन्यात उभे राहूनच बोललो. मी सगळे सांगितले, मामींचे, तुमचे, माझे. त्याने मधे थांबवले नाही. मामींच्या पूजेचे ऐकून तो थोडा हसला. म्हणाला, "म्हातारीने माझ्या वाइटासाठी नाही, तुझ्या पोटासाठी केलं. तिला काही बोलू नकोस."

मी म्हणालो, मी चुकलो.

तो म्हणाला, "तू आठवडाभर माझ्यासमोर जेवत होतास. लाल काय आहे, एवढं विचारलं असतंस तर मी तिथल्या तिथे बोट नाकाशी नेऊन वास घेतला असता आणि सांगितलं असतं."

मामा, इतके दिवस मी डाग पाहत होतो, वास घ्यायचे मला सुचले नाही, कारण मला उत्तर आधीच माहीत होते.

त्याने एकच गोष्ट मागितली. कुसाबाईंना त्याच्यासमोर सांगायचे. संध्याकाळी आम्ही दोघे गेलो. दारातच सांगितले, मोठ्याने, वरच्या भाडेकरूंनाही ऐकू जाईल असे. कुसाबाई म्हणाल्या, "असेल बाबा. पण झालं ते एका परीने बरंच झालं ना." पूर्वी मला हे वाक्य साधे वाटले असते. मी विचारले, बरे म्हणजे काय? त्या म्हणाल्या, "तुला कळत नाही का?" मी म्हणालो, कळते, म्हणून विचारतो. त्यांनी दार लावून घेतले. मी दाराबाहेरूनच सांगितले की महिनाअखेर मीही खोली सोडतो. संघर्ष म्हणाला, "ते तुझं तू बघ. माझ्यासाठी करू नकोस." मी म्हणालो, माझ्यासाठीच करतो.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी त्याला स्वतः फोन केला. सुट्टीनंतर तो त्या खुर्चीवर बसेल. हे मला नोटरीकडून कळले, त्याने सांगितले नाही.

लॅपटॉप चालू आहे. खपली काढल्यावर आत स्पिरिटमध्ये बुडवलेली कापसाची काडी फिरवली, पिवळे निघेपर्यंत. मग तारेची दोन्ही टोके आधी खाचेत बसवली आणि नंतर बटण दाबले. आधी बटण बसवले तर तार वाकते, हे एकदा चुकून कळले. आता ते दोन्ही बाजूंना सारखे दबते. मामींना सांगा की बिघडले नाही. पुढच्या दसऱ्याला मी स्वतः घेऊन येईन आणि झाकणावर लावायला देईन, बंद करून. त्या नाही म्हणतील, त्यांना तुम्ही समजवा.

मी नवी खोली पाहतो आहे. कोर्टासमोरचे टेबल परत लावणार. शेजारची जागा रिकामी असेल.

खर्च झाला तो असा:

दुकानात नुसते पाहायचे : ५० रुपये
नेलपॉलिश : ४० रुपये
स्पिरिट आणि कापसाच्या काड्या : ९५ रुपये
सातपूरला जाणे-येणे : ४० रुपये
एकूण : २२५ रुपये

देणे:

मामींना, दसऱ्याला घालायचा शर्ट घ्यायला उसने घेतले होते : ५०० रुपये. सोमवारी पत्राबरोबर पाठवतो.
संघर्षची अनामत, कुसाबाईंनी ठेवून घेतलेली : ३,००० रुपये. मी नेऊन दिली. त्याने घेतली नाही. म्हणाला, "ज्याने ठेवली त्याच्याकडूनच घेईन." त्यामुळे ही रक्कम माझ्याकडे वेगळ्या पाकिटात आहे, आणि देणे बाकी आहे.

आपला,
गोरक्ष